सॅचेल पेजचे बेसबॉल कार्ड स्वतः तयार करताना या चुका टाळा

खेळाडूंचे चित्र आणि आकडेवारी असलेली बेसबॉल कार्डे छापणाऱ्या टॉप्स या अमेरिकी कंपनीने १९५३ साली पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) सॅचेल पेजचे कार्ड काढले, तेव्हा त्याच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी एक 'एल' जादा पडला आणि तो तसाच छापला गेला. घरच्या घरी असे कार्ड करणारे अनेक जण जुन्या कार्डावरून नाव उतरवून घेतात आणि सत्तर वर्षांपूर्वीची चूक नव्याने छापतात.

सर्वांत मोठी गफलत मात्र मागच्या बाजूच्या आकडेवारीत होते. पेज १९४८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, क्लीव्हलँडकडून अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे 'मेजर लीग' या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या एका विभागात उतरला. केवळ तेथपासूनचे आकडे घेतले तर २८ विजय आणि ३१ पराभव एवढेच हाती लागते आणि कार्ड एखाद्या सामान्य पिचरचे वाटू लागते, कारण ऐन उमेदीची वर्षे त्याने कान्सास सिटी मोनार्क्ससारख्या कृष्णवर्णीय संघांतून खेळून काढली होती. मेजर लीगने निग्रो लीगची, म्हणजे या कृष्णवर्णीय संघांच्या स्पर्धांची, आकडेवारी २०२४ मध्ये आपल्या अधिकृत नोंदींत सामावून घेतली, म्हणून त्याआधीच्या पुस्तकातील तक्ता जसाच्या तसा उतरवू नये. उलट, प्रदर्शनी सामन्यांतील आपल्या विजयांबद्दल पेज स्वतः जे आकडे सांगत असे, ते या तक्त्यात मिसळू नयेत. ते मजकुरात 'त्याच्या सांगण्यानुसार' म्हणून द्यावेत. जागा उरलीच, तर १९६५ चा सामना जरूर घ्यावा. तेव्हा ५९ वर्षांच्या पेजने कान्सास सिटी ॲथलेटिक्सकडून बोस्टनविरुद्ध तीन डाव टाकले आणि एकही धाव दिली नाही. बुलपेनमध्ये (पिचर सराव करत थांबतात त्या जागेत) त्याच्यासाठी झुलती खुर्ची आणि सोबतीला परिचारिका ठेवण्याची मालकाची क्लृप्ती मला तर त्या तक्त्याहून अधिक बोलकी वाटते.

छायाचित्र उलटे छापले जाणे ही चूकही जुनीच आहे. १९५७ च्या टॉप्स कार्डावर प्रसिद्ध फलंदाज हँक आरोन त्यामुळेच डावखुरा दिसतो. पेज उजव्या हाताने चेंडू टाकत असे, म्हणून ग्लोव्ह डाव्या हातात आहे आणि जर्सीवरील अक्षरे सरळ वाचता येतात, हे छपाईपूर्वी पाहावे.

आजचे प्रचलित माप २.५ × ३.५ इंच आहे, तर १९५३ ची कार्डे २⅝ × ३¾ इंचांची होती. जुनी मांडणी नव्या मापात ताणून बसवली की चेहरा किंचित विद्रूप होतो, आणि मूळ माप ठेवले तर नेहमीच्या प्लास्टिक पाकिटात कार्ड मावत नाही. नव्या मापासाठी कापणीकरिता चारही बाजूंना ⅛ इंच जादा चित्र सोडावे, म्हणजे ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) फाइल ८२५ × ११२५ पिक्सेलची होईल. कडेला बारीक चौकट देऊ नये, कारण कापताना पाते जरासे सरकले तरी ती एका बाजूला जाड दिसते. मागची बाजू उलटी छापून आली, तर प्रिंटरमधील दुहेरी छपाईची कड (कागद लांब कडेवरून उलटायचा की आखूड) बदलून आधी साध्या कागदावर नमुना काढावा.

कार्ड खासगी निर्मिती असल्याचे मागे स्पष्ट छापावे, नाहीतर पुढे कोणीतरी ते अस्सल म्हणून विकेल.