फिशटँकचा फिल्टर निवडताना: गोव्यातल्या घरांसाठी

दुकानदार खोक्यावरचा 'लिटर प्रति तास' दाखवतो. तो आकडा लागतोच, पण गोव्यात फिल्टर ठरवताना आणखी दोन गोष्टी धरायला हव्यात: पावसाळ्यात जाणारी लाइट आणि जांभ्या दगडातल्या विहिरींचे मऊ, आम्लधर्मी पाणी.

१. पाणी मोजा. टाकीची आतली लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागा. ६० बाय ३० च्या टाकीत ३५ सेंमी पाणी म्हणजे ६३ लिटर. खडी-दगड वजा जाता साधारण ५५. हे पाणी तासाला पाच वेळा फिल्टरमधून फिरावे असे धरले तर २७५ लिटर. खोक्यावरचा आकडा मात्र रिकाम्या पंपाचा असतो. स्पंज भरला, त्यात घाण बसली की प्रवाह उतरतो, म्हणून ४०० चा घ्या. गोल्डफिश असतील तर ६०० चा; फार घाण करणारा मासा.

२. मासे बघून प्रकार ठरवा. गप्पी, मॉली, फायटर यांना एअरपंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरतो. पिल्ले ओढली जात नाहीत आणि फायटरची पिसाऱ्यासारखी शेपूट प्रवाहात फरफटत नाही. एंजल, टेट्रा यांच्यासाठी काठावर टांगायचा हँग-ऑन. कॅनिस्टर म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर; त्याचा खर्च १५० लिटरच्या आत सहसा वसूल होत नाही. खडीखालचा अंडरग्रॅव्हल नकोच. गाळ खाली साचतो आणि तो काढायला अख्खी टाकी उपसावी लागते. कोणताही फिल्टर घ्या, जोडीला एक स्पंज फिल्टर असू द्या.

३. आतला माल लावा. पाणी आधी जाड स्पंजातून, मग कापसासारख्या बारीक फ्लॉसमधून, शेवटी सिरॅमिक रिंगांतून जावे. रिंगा आधी आल्या तर गाळाने बुजतात. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू या रिंगांवर आणि स्पंजावर राहतात. कार्बनची पिशवी औषध दिल्यानंतर पाणी साफ करायला वापरा, एरवी ती जागा रिंगांना द्या.

४. विहिरीचे पाणी असेल तर शिंपल्या. हे जिवाणू काम करताना पाण्यातला, आम्ल शमवणारा क्षार खातात. मऊ पाण्यात तो मुळातच कमी. पीएच (आम्लतेचा आकडा; जितका कमी तितके पाणी आम्लधर्मी) ६ च्या खाली घसरला की जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचतो. शिंपल्यांतला चुना हा क्षार भरून काढतो. जेवणानंतर उरलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, घासून, वाळवून ठेचा आणि जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा. ५५ लिटरला चिमूटभरापासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत मूठभरापर्यंत जा. एकदम टाकू नका: पीएच झटकन चढला तर तोवर जवळपास निरुपद्रवी असलेला साचलेला अमोनिया विषारी होतो. मॉलीला असे पाणी मानवते, टेट्रांना फारसे नाही. किनाऱ्यावरचे प्रवाळ उचलून आणू नका, कायद्याने बंदी आहे.

५. जोडणी. एअरपंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर लाइट गेल्यावर पाणी नळीतून उलटे येऊन पंपात शिरते. वायर प्लगच्या खाली झोळीसारखी लोंबू द्या, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत जात नाही.

६. टाकी पिकवा. जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोन-तीनच चिवट मासे, आणि खाणे अगदी थोडे. ओळखीच्या घरातल्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज मिळाला तर वेळ बराच वाचतो. पाणी दुधाळ झाले म्हणून फिल्टर धुऊ नका, ते आपोआप निवळते. पुढे महिन्यातून एकदा स्पंज बादलीत काढलेल्या टाकीच्याच पाण्यात पिळा. नळाखाली धरला की क्लोरीनने जिवाणू मरतात. स्पंज आणि रिंगा एकाच दिवशी धुऊ नका.

७. लाइट गेल्यावर. ३० अंशांच्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो. बॅटरीवरचा एअरपंप स्पंजाला जोडा, किंवा छोटा एअरपंप इन्व्हर्टरवर टाका. तो जेमतेम तीन-चार वॅट खातो. लाइट येईपर्यंत खाणे बंद. कॅनिस्टर दोन-तीन तासांहून जास्त बंद राहिला तर तसाच चालू करू नका: आतला प्राणवायू संपून जिवाणू मरू लागलेले असतात आणि ते कुजके पाणी थेट माशांवर येते. आधी ते मोरीत ओता, रिंगा टाकीच्या पाण्यात खंगाळा, मग स्विच दाबा.