तर्क शिकवायचा तर ‘जर-तर’ उलटून दाखवा

आमची मोठी १२ वर्षांची, धाकटा ७ वर्षांचा. दोघंही घरीच शिकतात. गाव आर्वीच्या बाजूला, पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि मधे तुरीच्या ओळी. घरी शिकवायला लागले तेव्हा मी तर्काची फार घाई केली. मोठी आठ वर्षांची होती. ‘सर्व माणसे मर्त्य आहेत’ हे वाक्य मी तिच्याकडून पाठ करून घेतलं. रात्री आजीजवळ झोपताना ती रडायला लागली, आजी मरणार म्हणून. वाक्यांचा सांधा तिला दिसलाच नव्हता, दिसली फक्त आजी. मी वही मिटली आणि तीन वर्षं उघडली नाही.

म्हणून आधी ‘केव्हा’चं सांगते. मुलांचा विचार कसा वाढतो हे अभ्यासणाऱ्या पियाजे या मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीत साधारण ११-१२ वर्षांनंतर मूल डोळ्यांपुढे नसलेल्या गोष्टींवरही ‘समजा असं असतं तर’ म्हणून विचार करू लागतं. सगळ्यांचं वय एकच नसतं. मला खूण कळली ती अशी की मोठी एकाएकी माझीच वाक्यं धरून ठेवायला लागली: “पण परवा तर तू म्हणाली होतीस...” हा उद्धटपणा समजून गप्प बसवू नका. वेळ आली आहे. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी द्यायची तरी वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा घाई कशालाच नाही.

त्याआधी सूप पुरे. धाकटा माझ्यासोबत तूर निवडतो. मी विचारते, सगळे दाणे लाल आहेत का? तो एक पांढरा दाणा शोधून काढतो. मग वाक्य काय झालं? ‘सगळे’ गेलं, ‘बहुतेक’ राहिलं. ‘सगळे’ मोडायला एकच दाणा लागतो, हे सात वर्षांच्या मुलाला बोटांनी कळतं.

मोठ्या मुलांसाठी मात्र मी एकाच गोष्टीवर सगळा वेळ घालवते: जर-तरचं वाक्य उलटवलं की ते वेगळं वाक्य होतं. दिवाळीनंतर शेजारच्या काकांची कापसाची गाडी खरेदी केंद्रावरून परत आली. हमीभावाच्या खरेदीत १२ टक्क्यांच्या वर ओलावा असलेला कापूस घेत नाहीत, हे आमच्या पोरीला माहीत. ती लगेच म्हणाली, “ओला असन ना कापूस!” संध्याकाळी कळलं, कापूस कोरडाच होता. सातबाऱ्यावर पीकपेऱ्याची नोंद नव्हती.

दुसऱ्या दिवशी अंगणात रांगोळीनं एक मोठं वर्तुळ काढलं: परत आलेल्या गाड्या. त्याच्या पोटात लहान वर्तुळ: ओल्या कापसाच्या गाड्या. काकांच्या गाडीचा खडा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, ठेव. ती लहान वर्तुळाकडे गेली, थांबली, मग दोन रेघांच्या मधल्या जागेत खडा ठेवला. ओली म्हणजे परत, हे खरं. परत म्हणजे ओली, हे त्यावरून निघत नाही. आणि जी गाडी परत आली नाही, ती मोठ्या वर्तुळाच्याच बाहेर, म्हणजे लहानाच्याही बाहेर. ती ओली नव्हती, हे मात्र नक्की निघतं. हे तिसरं मुलांना उशिरा सापडतं. सांगू नका, खडा त्यांनाच फिरवू द्या. ऑयलर या गणितज्ञानं अठराव्या शतकात एका राजकन्येला पत्रांतून तर्क समजावताना अशीच वर्तुळं काढली होती. नववीच्या भूमितीत उलट्या वाक्याला ‘व्यत्यास’ म्हणतात. तो शब्द मी शेवटी दिला, गोष्ट आधी.

त्यानंतर न्यायशास्त्रातला, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातला धूर आणला. डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे. जिथे धूर तिथे आग, जशी चूल. तसाच धूर इथे आहे. म्हणून आग आहे. या पाच पायऱ्यांची नावं याच क्रमानं: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. आम्ही डोंगर सोडून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, धूर घेतला. मग उलटवलं: जिथे आग तिथे धूर? जुन्या नैयायिकांनी यासाठी तापलेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण दिलं आहे. आम्ही लोहाराकडे जाऊन वखराची लाल झालेली पास, म्हणजे लोखंडी पातं, पाहिली. आग होती, धूर नव्हता. आणि पहाटे वावरावर दिसतं ते कधी धुकं निघतं, तेव्हा हेतूच, म्हणजे दिलेलं कारणच, तपासावा लागतो.

आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं. वेचणीच्या दिवसांत नाही.

एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा, नाहीतर घरात भांडणं होतात. मोठ्या माणसाचं बोलणं खोडायचं असेल तर आधी ते आपल्या शब्दांत सांगायचं, आणि “हो, हेच म्हटलं मी” असं ते म्हणाले की मगच प्रश्न विचारायचा. आजीशी बोलताना तर हे फारच लागतं. मांजर आडवं गेलं आणि बैल लंगडला, यावर आमच्याकडे असंच शांतपणे बोलणं झालं. ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ ही म्हण आजीनंच काढली.

यंदा मोठी बाबांसोबत कृषी केंद्रात गेली होती. दुकानदार म्हणाला, “ज्यानं हे औषध मारलं, त्याच्या वावरात बोंडअळी नाही.” ती म्हणाली, “अन् ज्यानं नाही मारलं, त्याच्या वावरात हाये का?” बाबा औषध न घेता परत आले. संध्याकाळी आम्ही वीस झाडांवरून वीस हिरवी बोंडं तोडून फोडली. वीसपैकी दोनांत अळी निघाली तर फवारायचं, असं ठरलेलं. एकातच निघाली. चार दिवसांनी पुन्हा वीस फोडणार आहोत, मोजणी धाकट्याकडे आहे.