'कन्फील्ड'पासून सुरुवात करू नका: प्रयोगशील इलेक्ट्रॉनिक संगीत शोधताना या चुका टाळा

'कन्फील्ड' हा अल्बम पहिल्यांदा लावला तेव्हा मी हेडफोनची पिन काढली, फुंकर मारली आणि परत खोचली. स्टीलच्या वाटीत छर्रे गरगरावेत तसा आवाज येत होता आणि ठेका हाती लागतोय म्हणेपर्यंत निसटत होता. पिन ठणठणीत होती. गडबड निवडीत होती. 'ऑटेकरचं सगळ्यात भारी काम' म्हणून कुणीतरी सांगितलं आणि मी तिथूनच सुरुवात केली.

ही चूक जवळपास प्रत्येकजण करतो. ऑटेकर म्हणजे रॉब ब्राउन आणि शॉन बूथ ही इलेक्ट्रॉनिक संगीत करणारी जोडी, इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या रॉचडेलची. 'कन्फील्ड' २००१ चा. त्याआधीचा 'अँबर' (१९९४) ऐका, त्यात सरळ सूर आहेत. मग 'ट्राय रेपेटे' (१९९५). तो कारखान्यासारखा ठोकतो, पण मोजता येतो. या वाटेने आलात तर पुढे त्यांनी काय मोडलं ते कानाला कळतं. नाहीतर नुसती मोडतोडच ऐकू येते.

या दोन अल्बमच्या जोडीला आणखी एक पायरी आहे, ती चुकवू नका. १९९४ साली ब्रिटनमध्ये रेव्ह पार्ट्यांना (इलेक्ट्रॉनिक संगीतावर रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या पार्ट्यांना) आळा घालणारं विधेयक आलं आणि त्यात संगीताची ओळख 'एकामागोमाग येणारे पुनरावृत्त ठोके' अशी केली होती. ऑटेकरने त्यावर 'अँटी' नावाची ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी ध्वनिमुद्रिका, काढली. त्यातल्या 'फ्लटर'मध्ये कोणत्याही दोन आवर्तनांतले ठोके एकसारखे नाहीत, म्हणजे कायद्याच्या कचाट्यात न सापडता वाजवता येईल! बोटांवर मोजत ऐका. वरचे सूर शांतपणे घोळत राहतात आणि खाली ड्रम दरवेळी वेगळी बोटं टाकतो. तबला ऐकणाऱ्याला हा खेळ लगेच कळेल.

दुसरी चूक फोनच्या स्पीकरवर ऐकण्याची. या संगीताचा अर्धा जीव खर्जात असतो आणि फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून तो बाहेरच येत नाही. मग उरते फक्त किरकिर. 'मला हे झेपत नाही' म्हणण्याआधी साधे वायरवाले हेडफोन लावून बघा. महागडे नकोत.

या संगीताला 'आयडीएम' म्हणतात, पण हा शब्द टाकून शोधणं फारसं उपयोगाचं नाही. त्याचा विस्तार 'इंटेलिजंट डान्स म्युझिक', म्हणजे बाकीचं नाचाचं संगीत बिनडोक! खुद्द बऱ्याच कलाकारांनाही हे नाव रुचलं नाही. त्यापेक्षा लेबल, म्हणजे अल्बम काढणारी कंपनी, धरा. १९८९ साली शेफील्डमध्ये सुरू झालेलं वॉर्प, व्हिएन्नाचं मेगो, जर्मनीचं रास्टर-नोटॉन. रास्टर-नोटॉनचा अल्वा नोटो आवडला तर पुढे र्‍योजी इकेदाही आवडण्याची शक्यता बरीच. डिस्कॉग्ज या अल्बमची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर अल्बमचं पान उघडून कुणी कुणाबरोबर काम केलंय ते बघत गेलात की एका संध्याकाळीच महिन्याभराची सोय होते.

अ‍ॅपच्या 'तुमच्यासाठी' या गाण्यांच्या यादीवर विसंबलात तर वेगळाच घोटाळा होतो. रात्री झोपताना एफेक्स ट्विनचा 'सिलेक्टेड अँबियंट वर्क्स व्हॉल्यूम टू' लावा आणि काय होतं ते बघा. माझ्याकडे चार दिवसांत पावसाचे आवाज, आठवड्याभरात बाळांना झोपवायचं संगीत. अ‍ॅपला वाटलं, माणसाला झोप येत नाहीये.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच: आपल्याला नेमकं काय आवडतं हे स्वतःला न विचारणं. 'अवघड संगीत' अशी काही एक आवड नसते. कुणाला ठेक्याची गुंतागुंत हवी असते, कुणाला आवाजाचा पोत, कुणाला संथपणा. पोत आवडणाऱ्याने ओव्हलचा '९४ डिस्कॉन्ट' ऐकावा. खराब केलेल्या सीडी अडखळतात, ते अडखळणंच ओव्हलने संगीतात वापरलं. रागदारीचा कान असेल तर मुंबईच्या चरणजित सिंग यांच्यापासून सुरुवात करा. हिंदी चित्रपटांत वाजवणाऱ्या या वादकाने १९८२ साली रोलंडच्या टीबी-३०३ (बेस सिंथेसायझर) आणि टीआर-८०८ (ड्रम मशीन) वर भैरव, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा कुणी फार लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये अल्बम पुन्हा निघाला आणि जग चकित झालं, कारण अ‍ॅसिड हाउस या नाचाच्या संगीतप्रकारात पुढे गाजलेला आवाज त्यात आधीच होता.

आणि संथपणा हवा असेल तर फ्रेंच संगीतकार एल्यान रादिग. एआरपी २५०० सिंथेसायझरवरचं तिचं 'आद्नोस' मी एका गाणाऱ्या मैत्रिणीला ऐकवलं. एकेक भाग तासाहून मोठा. दहाव्या मिनिटाला ती म्हणाली, "सुरू कधी होणार रे?" मग बराच वेळ काहीच बोलली नाही. भाग संपल्यावर हेडफोन काढत, तंबोऱ्याबद्दल विचारावं तसं तिने विचारलं, "हिची जवारी कुणी काढली?"