टीव्हीचा आवाज ब्लूटूथ स्पीकरवर मागं पडते? मंग हे करून पाहा

राजेहो, ब्लूटूथ स्पीकर टीव्हीले जोडला अन् मॅचमधी बॉल बॅटले लागून बाउंड्रीकडं निघाल्यावर 'टक' ऐकू येत असन, कीर्तनकाराचे ओठ थांबले तरी आवाज चालूच राहत असन, तं स्पीकर बिघडला नाही हे आधी समजून घ्या. बदलून दुसरा तसाच आणला तरी बहुतेक तेच होईन.

ब्लूटूथवर आवाज जसाच्या तसा जात नाही. टीव्ही त्याले दाबून लहान करते, तुकड्या-तुकड्यानं पाठवते, अन् स्पीकर थोडा साठा जमा झाल्यावरच वाजवते, म्हणजे मधात तुटू नये. आवाज दाबायच्या ह्या पद्धतीले कोडेक म्हणतात; सगळ्यात साधा एसबीसी कोडेक असला तं ह्यात 150 ते 250 मिलिसेकंद (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) सहज जातात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 1998 च्या शिफारशीत म्हटलं आहे का आवाज साधारण 125 मिलिसेकंद मागं पडला का पाहणाऱ्याले कळाले लागते, पण आवाज चित्राच्या पुढं गेला तं 45 मधीच टोचते. होईनच तसं, आपल्या कानाले आवाज उशिरा यायचीच सवय आहे, वीज आधी चमकते अन् गडगडाट नंतर येते.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. सेटिंगमधी 'ऑडिओ डिले' का 'एव्ही सिंक' दिसलं का लोक तो आकडा वाढवत बसतात, पण बहुतेक टीव्हीत त्यानं आवाज अजून मागं जाते, पुढं येत नाही. आपला तं आधीच मागं आहे! म्हणून पहिले तो शून्यावर आणा. एखाद्या टीव्हीत वजा बाजूले न्यायची सोय राहते, ती असली तं हळूहळू सरकवून पाहा. अन् टीव्हीचा स्वतःचा स्पीकर बंद करा, दोन्ही चालू राहिले तं आवाज घुमते अन् नेमकं काय मागं आहे तेच कळत नाही.

माझं स्पष्ट मत आहे, घरी एका जागी ठेवलेल्या टीव्हीले वायरच लावा. क्रिकेट, बातम्या, डीडी फ्री डिश, जे लाइव्ह आहे तिथं दुसरा सोपा उपाय नाही. स्पीकरले मागून ऑक्सचं, म्हणजे वायरनं आवाज आत घ्यायचं छिद्र आहे का पाहा, टीव्हीले हेडफोनचं असन तं दोन्हीकडं 3.5 मिलिमीटर पिन असलेली वायर घ्या, नसन तं डिशच्या बॉक्सच्या लाल-पांढऱ्या छिद्रातून आवाज काढा, एकीकडं लाल-पांढरी अन् दुसरीकडं हेडफोनवाली पिन असलेली वायर मोबाईलच्या दुकानात भेटते. काही स्पीकर पिन लावली का आपोआप ऑक्सवर येतात, काहीचं मोडचं बटन दाबा लागते. साउंडबार असन तं एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय छिद्रातच वायर लावा, दुसऱ्या छिद्रातून टीव्हीचा आवाज बाहेर येत नाही. वायरवर घूं-घूं आवाज आला तं स्पीकरचं चार्जिंग काढून बॅटरीवर चालवून पाहा, खेड्यातल्या लय घरात अर्थिंग नीट नसते, त्यानं बी असं होते.

लॅपटॉपवरून पिक्चर पाहत असान तं वायरशिवाय बी जमते, कारण फाइल आपल्या हातात आहे. व्हीएलसी ह्या व्हिडिओ प्लेअरमधी आवाज मागं असन तं कीबोर्डवरचं 'जे' दाबा, एका दाबात आवाज 50 मिलिसेकंद पुढं येते, जास्त झालं तं 'के' नं मागं न्या. मोबाईलमधल्या व्हीएलसीत बी ऑडिओ डिले आहे, तिथं वजा आकडा टाका. हे करताना गाणं लावू नका, समोरून बोलणारा माणूस नाही तं टाळ वाजवणारं भजनी मंडळ लावा, टाळ भिडलेले दिसतात म्हणून फरक लगेच सापडते.

मोबाईल टीव्हीवर कास्ट केला अन् स्पीकर मात्र मोबाईललेच जोडून ठेवला तं गोष्ट उलटी होऊ शकते, चित्र वायफायवरून टीव्हीवर उशिरा पोचते अन् आवाज आधीच वाजून जाते. तवा स्पीकर मोबाईलवरून काढून टीव्हीले जोडा.

एपीटीएक्स लो लेटन्सी नावाच्या कोडेकमधी उशीर 40 मिलिसेकंदाच्या जवळ येते, म्हणजे जाणवतच नाही, पण ते पाठवणाऱ्यात अन् स्पीकरमधी दोन्हीकडं पाह्यजे. एकीकडंच असन तं मशीन गुपचूप एसबीसीवर येते, मंग पैसे गेले समजा. विकत घ्याच्या आधी दोन्ही डब्ब्यांवर वाचा.

गणपतीत नाही तं पोळ्याले चौकात प्रोजेक्टर लावत असान तं ब्लूटूथचा नाद सोडा, मिक्सरपर्यंत वायर ओढा, अन् दोन ब्लूटूथ स्पीकर एकमेकांले जोडायचं बटन तं दाबूच नका, त्यानं उशीर अजून वाढू शकते. स्पीकर पडद्याच्या बाजूलेच ठेवा. आवाज सेकंदाले साधारण 340 मीटर चालते, म्हणजे 30 मीटर मागं बसलेल्या माणसाले तसाच 90 मिलिसेकंद उशिरा भेटते, त्यात ब्लूटूथचे 200 मिसळले तं मागच्या बाया-माणसांले नाटकाची रेकॉर्डिंग पाहणं कठीण होते. लाइन जाऊन आली का सगळं पुन्हा तपासा, आणि व्हीएलसीत दुसरी फाइल लावली का 'जे'चं सेटिंग बी नव्यानं पाहा.