गिअरबॉक्स उतरवण्याआधी थर्मोस्टॅट बघा

नाशिकच्या डिसेंबरात माझी 2003 ची ऑटोमॅटिक गाडी सकाळी हटून बसायची. गंगापूर रोडला सहा-सात किलोमीटर झाले तरी टेम्परेचरचा काटा तळाशीच, आणि इंजिन तीन हजार आरपीएमवर ओरडलं तरी वरचा गिअर पडेना. एका गॅरेजवाल्याने थेट गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं. आकडा ऐकला आणि गाडी घरी आणली.

दुपारी मात्र तीच गाडी निमूट चालायची. मेख तिथेच होती. अशा बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान बघतो. पाणी गार असलं की मुद्दाम गिअर उशिरा टाकतो, ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) अडवून धरतो. म्हणजे आधी विचारायचं, पाणी तापत का नाही?

रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावा. (बाही आणि बोटं पंख्यापासून लांब. इलेक्ट्रिक पंखा न सांगता फिरतो.) थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती धड असेल तर होज काही मिनिटं गारच राहतो आणि मग एकदम चटका देतो. माझा पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला. म्हणजे झडप उघडी अडकलेली.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर थर्मोस्टॅटच्या हाउसिंगचे (तो बसतो त्या कव्हरचे) दोन बोल्ट काढले, तर आत थर्मोस्टॅटच नाही! आधीच्या मालकाच्या मेकॅनिकने ‘गाडी तापू नये’ म्हणून काढून टाकलेला. आपल्याकडचा हा जुनाच उद्योग.

नवा आणला, 82 अंशांचा. बसवण्याआधी दोरीला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडला, शेजारी थर्मामीटर. ऐंशी ओलांडल्यावर झडप किलकिली झाली, उकळीला पूर्ण उघडली. छोटी हवेची पिन वर ठेवून, नव्या गॅस्केटसह बसवला. कूलंट भरताना हीटर फुल गरमवर ठेवून हवा काढा. हा कंटाळवाणा भाग टाळलात तर काटा पुन्हा नाचेल.

थर्मोस्टॅट ठीक निघाला तर कूलंटचा सेन्सर तपासा. पाणी तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी व्हायला हवा. मल्टीमीटरवर लगेच दिसतं. आणि इंजिन व्यवस्थित तापूनही गिअर उशिराच पडत असेल, तर मॅन्युअलमधल्या पद्धतीने गिअर ऑइल बघा. लालसर असेल तर ठीक. काळपट आणि जळका वास असेल, तर त्या गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं असू शकतं.