मल्लखांबाचा वर्ग सुरू करताना आधी खांबावरच्या पाळ्यांचं गणित मांडा

मल्लखांबाचा छोटा वर्ग सुरू करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी खांब कुठे मिळेल ते शोधतात. खरं तर पहिला प्रश्न वेगळा आहे: एका खांबावर एका वेळी एकच मूल चढतं, मग बाकीची मुलं काय करणार? फी, जागा, मदतनीस, मुलं टिकणं, दुखापती टळणं हे सगळं या एका गोष्टीवर ठरतं.

दीड तासाची बॅच धरा. त्यातली २० मिनिटं अंग मोकळं करण्यात आणि शेवटची १० ताणाच्या व्यायामात जातात. उरला एक तास. उडी, अढी (पायांनी खांब पकडणं), एखादी दुरुस्ती आणि उतरणं धरून नवशिक्याची एक पाळी साधारण ४५ सेकंदांची होते, म्हणजे तासात ८० पाळ्या. एका खांबावर २० मुलं घेतलीत तर प्रत्येकाला चार पाळ्या मिळतात, म्हणजे साठ मिनिटांत तीन मिनिटं खांब. मूल कंटाळतं, पालक बाहेरून बघत असतात आणि दुसऱ्या महिन्यात नाव कमी होतं. हेच १२ मुलं, एक खांब आणि दोरीच्या मल्लखांबासाठी एक दोर असं ठेवलं तर प्रत्येकाला तेरा पाळ्या येतात. म्हणून १२ मुलांमागे दोन साधनं आणि प्रत्येक साधनापाशी एक सांभाळणारा माणूस हे प्रमाण मोडू नका. तेरावं मूल आलं तर त्याचं नाव प्रतीक्षायादीत लिहा.

पहिली खरेदी पुरलेला मल्लखांब आणि दोर एवढीच असावी. टांगता मल्लखांब झुलतो आणि फिरतो, त्यामुळे पकड पक्की झालेली मुलं तयार होईपर्यंत तो नुसता जागा अडवतो.

खांब सागाचा किंवा शिसवाचा घ्या. जमिनीपासून उंची सुमारे २.६ मीटर, बुंध्याचा घेर ५५ सेंटिमीटरच्या आसपास आणि वर निमुळता होत ३५ पर्यंत. त्यावर मान आणि बोंड (टोकाचा गोल भाग). लाकूड पुरतं वाळलेलं आणि बिनगाठीचं हवं. ओल्या लाकडाला काही महिन्यांत उभ्या भेगा जातात आणि त्या भेगा मांडीची कातडी पकडतात. खांब ताब्यात घेताना तळहात वरून खाली आणि खालून वर, दोन्ही दिशांनी फिरवून बघा. पुरायचा असेल तर किमान अडीच ते तीन फूट जमिनीत जाऊ द्या आणि तेवढी जास्तीची लांबी सुताराला आधीच सांगा. भाड्याच्या सभागृहात खड्डा खणता येत नाही. तिथे लोखंडी बैठकीत बसणारा खांब घ्यावा लागतो. अशा खांबावर आधी एखाद्या मोठ्या माणसाला चढवा आणि बैठक हलते का ते पाहा. हलत असेल तर मुलांना चढवू नका.

दोर सुती घ्या, १ ते २ सेंटिमीटर जाडीचा. पूर्वी हा प्रकार वेतावर व्हायचा, दोर नंतर आला. नायलॉनचा दोर स्वस्त पडतो, पण तो निसटतो आणि कातडी भाजून काढतो. स्पर्धेचा दोर साधारण साडेपाच मीटरचा असतो. शिकवण्यापुरतं १२ ते १४ फूट उंचीच्या छतावर भागतं. पंख्याच्या हुकाला दोर कधीही बांधू नका. झोका घेणाऱ्या मुलाचा भार त्याच्या वजनापेक्षा बराच जास्त होतो. हूक गर्डरला लावा, त्यावर वजनक्षमता कोरलेली असू द्या आणि जागा एकदा अभियंत्याला दाखवून घ्या. दोर सर्वांत आधी झिजतो तो हुकापाशी, वरच्या फूटभरात, आणि तिथे कोणाची नजर जात नाही. आठवड्यातून एकदा शिडी लावून तो भाग बोटांनी चाचपा. एक पदर जरी तुटलेला दिसला तरी दोर बदला. पावसाळ्यात वर्ग संपला की दोर उतरवून कोरड्या जागी ठेवा. दमट सूत ताठरतं आणि बोटांच्या बेचक्यात जास्त रुततं.

खांबाला एरंडेल लावतात ते घर्षण कमी व्हावं आणि अंग सोलवटू नये म्हणून. पातळ थर लावून फडक्याने पुसून घ्या. ओघळ दिसला म्हणजे तेल जास्त झालं. पकडीसाठी हातापायांना राळेची पूड लागते. दोराला तेलाचा थेंबही लागू देऊ नका: खांबावरून दोराकडे जाणाऱ्या मुलाचे पाय आधी पुसायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून लावा.

गाद्या खांबाभोवती सगळ्या बाजूंनी सहा फूट तरी हव्यात. घोटा मुरगळतो तो बहुधा दोन गाद्यांच्या फटीत. गाद्या पट्ट्यांनी जोडा किंवा वरून एकच जाड ताडपत्री ताणून बांधा.

जागा शोधताना मंगल कार्यालय स्वस्तात मिळतं, पण लग्नसराईत महिन्यातले दहा दिवस हातचे जातात. शाळेचं सभागृह बरं. तिथे मुख्याध्यापकांच्या तोंडी होकारावर थांबू नका. मुख्याध्यापक बदलतात, म्हणून संस्थेच्या सचिवांच्या सहीचं पत्र घ्या. त्यात वेळ, भाडं, साहित्य ठेवायची जागा आणि खांब कोणाच्या मालकीचा हे लिहून घ्या.

कागदपत्रं थोडीच आहेत. वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, तीही सुरू केल्यापासून ६० दिवसांत. उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी) मोफत होते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सेवेवर जीएसटी नोंदणी लागत नाही. अपघाताचा आणि तृतीय पक्षाचा विमा मात्र पहिल्या दिवसापासून काढा, आणि उंचीवरचा व्यायाम पॉलिसीत धरलाय का ते वाचून घ्या.

आता पैसे. समजा महिना फी १,२०० रुपये आणि बारा-बाराच्या दोन बॅचेस: जमा २८,८०० रुपये. भाडं ८,०००, मदतनीस ९,०००, राळ-तेल-मलमपट्टी १,२००, विम्याचा मासिक वाटा ८०० आणि दोर-गाद्या बदलण्यासाठी बाजूला २,०००. खर्च २१,०००, हातात ७,८००. परीक्षेच्या महिन्यात प्रत्येक बॅचमधली तीन मुलं गळाली की ७,२०० रुपये कमी होतात आणि उरतात ६००. म्हणून फी तिमाही घ्या, आणि तिमाहीच्या सीमा मार्च आणि ऑक्टोबरच्या परीक्षांत पडू देऊ नका. खर्चात बचत करायची झाली तर मदतनीस आणि गाद्या सोडून दुसरीकडे करा. उन्हाळी शिबिरातून नवी मुलं मिळतात, पण शिबिराची गर्दी नेहमीच्या बॅचमध्ये मिसळू नका, नाहीतर नेहमीच्या मुलांच्या पाळ्या जातात.

पहिला महिना सर्वांत नाजूक असतो. दोर पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात पकडायचा असतो, तिथली कातडी पहिल्या पंधरवड्यात सोलवटते आणि त्याच वेळी मुलं सोडून जातात. म्हणून पहिले दोन आठवडे दोराच्या पाळ्या रोज तीनच ठेवा. उरलेल्या वेळात सूर्यनमस्कार, दंड, बैठका, भिंतीला हातावर उभं राहणं आणि २० सेकंद लटकणं घ्या. अंग सोलवटेल हे पालकांना प्रवेशाच्या दिवशीच सांगा.

खांबावर चढायच्या आधी उतरायला शिकवा. दमलेलं मूल वरून हात सोडतं, कारण त्याला खाली यायची रीत ठाऊक नसते. साधी उडी, साधी अढी आणि साधी उतरणी न सांगता जमू लागली की मग सलामी आणि तेढी हे पुढचे प्रकार. दसरंग, ताजवे, फरारे या अवघड प्रकारांची घाई पालक करतील, तुम्ही करू नका. हा व्यायाम पेशवाईच्या अखेरीस व्यायामगुरू बाळंभटदादा देवधरांनी नव्याने रुजवला तो मल्लांच्या तयारीसाठी, त्यामुळे ताकद आणि पकड आधी येते, दिखाऊ आसन नंतर.

प्रवेश अर्जात दमा, फिट येणं, हृदयविकार आणि जुनं हाड मोडणं विचारा. नखं कापलेली, केस बांधलेले, जेवण होऊन दोन तास झालेले. कडं, रिंग, गळ्यातला काळा दोरा, हातातला गंडा काढूनच खांबावर जायचं. काळ्या दोऱ्यावरून घरचे अडून बसतात, म्हणून ही अट अर्जावर छापा आणि सही घ्या.

सांभाळताना मुलाला हात लावावाच लागतो. कुठे आणि कसा धरणार हे पालकांसमोर पहिल्याच दिवशी करून दाखवा. मुलींच्या बॅचला शिक्षिका किंवा ताई हवीच, दार उघडं हवं आणि प्रत्येक मदतनीसाची पोलीस पडताळणी झालेली हवी. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती कळली तर पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, हे मदतनीसांनाही सांगून ठेवा.

सुरू करण्यापूर्वी दादरला शिवाजी पार्कवरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात जाऊन एक संध्याकाळ पाळ्या कशा चालतात ते पाहा. मग आपल्या जिल्हा मल्लखांब संघटनेकडे नोंदणी करा. स्पर्धांच्या तारखा आणि पंचांचे नियम तिथूनच कळतात. दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांचं आमिष जाहिरातीत लिहू नका. ते गुण ठरलेल्या स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळतात, वर्गात नाव घातल्याने नाही. प्रवेशाच्या वेळीच जन्मदाखल्याची प्रत घेऊन ठेवा, कारण वयोगटाचा वाद ऐन स्पर्धेच्या सकाळी निघतो.