लोकलची जुनी तिकिटं आणि कूपनं कशी जमवावीत, कशी जपावीत

शोध घरापासून सुरू करा. जुन्या डायऱ्या, पोथ्या, हिशेबाच्या वह्या, ट्रंकेच्या तळाला अंथरलेला कागद, सगळं बघा. पुस्तकात खूण म्हणून घातलेलं पुठ्ठ्याचं तिकीट हमखास मिळतं. मग ओळखीच्या रद्दीवाल्याला सांगून ठेवा.

आजचं तिकीट ठेवायचं असेल, तर प्रवास संपल्यावर टीसीने मागितल्यास ते द्यावंच लागतं; १९८९च्या रेल्वे कायद्याचं कलम ५४ तसं सांगतं. "संग्रहासाठी ठेवू का?" असं विचारून बघा. नाही म्हणाले तर देऊन टाका.

मिळालेलं पुठ्ठं साधारण सव्वादोन इंच लांब असतं. तारखेचा ठसा बरेचदा पुसट असतो. अंधारात टॉर्च आडवी धरली की तो उठून दिसतो. तरीही वाचता आला नाही, तर छापील मजकूर बघा. जीआयपी किंवा बीबीसीआय या जुन्या रेल्वेंची नावं असतील तर छपाई बहुधा १९५१पूर्वीची, कारण त्या वर्षी त्यांच्या मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्या. भाडं आण्यांत असेल तर १९५७च्या आधीचं. तिसरा वर्ग १९७४मध्ये गेला. मुंबईच्या व्हीटी (व्हिक्टोरिया टर्मिनस) स्टेशनचं सीएसटी (छत्रपती शिवाजी टर्मिनस) १९९६मध्ये झालं. अर्थात जुना छापील साठा नंतरही वापरला जाई, म्हणून एकाच खुणेवर वर्ष ठरवू नका.

सीव्हीएमची, म्हणजे कूपनवर छापा उमटवणाऱ्या यंत्राची, कूपनं मला सगळ्यांत जवळची. खिडकीवरून पुस्तिका घ्यायची, स्टेशनवरच्या यंत्रात कूपन सरकवायचं, की तारीख-वेळ उमटायची. ही यंत्रं २०१५च्या सुमारास बंद झाली. कोरी पुस्तिका दिसायला छान, पण छापा उमटलेलं कूपन मी आधी घेईन: कुठून, कधी प्रवास केला ते त्यावर आहे. एका प्रवासासाठी तीन-चार कूपनं छापलेली असतील, तर ती एकत्रच ठेवा.

खरी घाई यंत्रातून निघणाऱ्या थर्मल कागदाच्या तिकिटांची. साठ वर्षांचं पुठ्ठं नीट वाचता येतं आणि गेल्या उन्हाळ्यातलं तिकीट कोरं होतं! कागद थर्मल आहे का ते कळायला कडेला नखाने घासा. काळी रेघ उमटते. असं तिकीट त्याच दिवशी स्कॅन करा. लॅमिनेशन करू नका, उष्णतेने सगळं काळं पडतं. सेलोटेप, पीव्हीसीचे पारदर्शक खिसे, सॅनिटायझर लागलेले हात, हेही दूरच ठेवा.

ठेवण्यासाठी पॉलिएस्टरचे पारदर्शक खिसे चांगले. स्टेपल काढा, गंजते. पावसाळ्याआधी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, कसर लागली नाही ना ते महिन्याने बघा. तिकिटावर काही लिहू नका. वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा: कुठे सापडलं, कोणी दिलं, आणि देणाऱ्याला आठवत असेल तर त्या दिवशी तो कुठे निघाला होता.